अक्कांचा मासा

विद्यानगरच्या त्या घरात आम्ही राहायला गेलो त्या संध्याकाळी आमचं सगळं सामान पोत्यांत आणि ट्रंकांत होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या अक्का वसमतकर हातात रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना वाटीभर साखर हवी होती. साखर नेमकी कुठल्या पोत्यात आहे हे आमच्या हिला आठवेना. दुसरी कुणी शहाणी बाई 'राहू द्या, उद्या बघू' म्हणून गेली असती. अक्का एका ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या, "शोधा सावकाश. मला काही घाई नाही."

बरीच पोती उकलल्यावर साखर निघाली. अक्कांनी ती पदराखाली झाकून नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी शिगोशीग भरून परत आणली. असं वरचेवर व्हायला लागलं. महिन्याभरानं ही काही कामासाठी वर गेली आणि धावतच खाली आली.

"अहो, त्यांच्या फळीवर साखरेचा डबा काठोकाठ भरलेला आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात अक्कांविषयी दोन मतं झाली. हिचं मत, बाई कंजूष आहे. माझं मत, बाईच्या डोक्यात थोडा फरक आहे. हिचं मत लवकरच बदललं. माझं मात्र थोडंसं शिल्लक राहिलं, ते अजून आहे.

अक्का ठेंगण्या होत्या. पाचवारी साडी घोट्याच्या बरीच वर नेसायच्या, पायांत रबरी चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाबरोबर राहायच्या आणि चालताना कुणाकडे काय मागता येईल ते बघत चालायच्या. कुणाकडे सुई, कुणाकडे हातोडी, कुणाकडे कालचं वर्तमानपत्र. समोरच्या खोलीतला एक विद्यार्थी परीक्षेत नापास होऊन पांघरूण घेऊन पडला होता. त्याला सगळ्यांनी उपदेश केला. अक्कांनी त्याचं गजराचं घड्याळ मागून नेलं आणि वर बजावलं, "मला पहाटे उठायचंय, आणि या घड्याळाची किल्ली मला देता येत नाही. रोज रात्री येऊन देऊन जा." तो बिचारा रोज रात्री किल्ली द्यायला जिना चढायचा.

गल्लीच्या टोकाला देशपांडे म्हणून एक गृहस्थ होते. बायको गेल्यावर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. बाकीचे लोक त्यांना डबे नेऊन देत, ते डबे तसेच परत येत. अक्का गेल्या त्या कढीपत्ता मागायला. बायकोनं लावलेलं झाड अंगणात वाळत चाललं होतं. अक्का रोज सकाळी जाऊन त्याचीच पानं मागत. एक दिवस देशपांडे वैतागले, "बाई, झाडाला पानं तरी राहू द्या की."

"मग पाणी घाला की त्याला," अक्का म्हणाल्या आणि पिशवी सावरत निघून गेल्या. त्याच संध्याकाळी देशपांडे बादली घेऊन अंगणात दिसले.

अक्कांची शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये होती. न दिसणारी, न ऐकू येणारी, पोलिओनं पाय गेलेली, अशी सगळी मुलं तिथं एकत्र शिकत. मुलं तेलुगू, दखनी, मराठी जे तोंडाला येईल ते बोलत आणि अक्का त्या सगळ्याचा एकत्र काला करून "पोरांनो, चलो, तोंदरगा" अशी घाई करत. त्या शाळेत अक्कांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे फळवाटप. कुणाचा वाढदिवस असो की कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, माणसं केळ्यांचे घड घेऊन यायची, मुलांना रांगेत बसवायची, हातात केळं दिलं की फोटो काढायची. अक्का कुणाला नाही म्हणत नसत, पण त्यांचा एक नियम होता. जो देईल त्यानं मुलांकडून काहीतरी घेऊनच जायचं.

अफझलगंजमधल्या एका ब्लँकेटवाल्या शेठजींना त्यांनी मुलांनी विणलेली एक टोपली घ्यायला लावली. टोपली एका बाजूनं एवढी कलली होती की तिच्यात ठेवलेली वस्तू आपोआप बाहेर यायची. शेठजी म्हणाले, "बाई, इसका मैं क्या करूँ?"

"घर में रखो. मैं देखने को आऊँगी."

आणि त्या खरंच बघायला गेल्या. टोपली माळ्यावर टाकलेली होती. अक्कांनी ती काढायला लावली आणि तिच्यात शेठजींच्या कुटुंबाकडून कांदे भरवून घेतले. कांदे बाहेर घरंगळले, पण अक्कांचं समाधान झालं.

शाळेत यादम्मा नावाची एक मुलगी होती. असेल दहा-अकरा वर्षांची. जन्मापासून दिसत नव्हतं. तिचा बाप उप्पलच्या पलीकडे तलावावर मासे धरायचा, भाऊही त्याच्याबरोबर जायचे. एकदा असंच फळवाटप झाल्यावर ती केळं हातात धरून बसून राहिली. अक्कांनी विचारलं, काय झालं. मी काही कागद द्यायला तिथं गेलो होतो, म्हणून ते बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"मेरे भाईयाँ तालाब को जाते, मछली लाके अम्मा को देते," यादम्मा म्हणाली. "मेरेकू नै लेजाते. गिर जाती बोलते. मेरेकू सब लोगां देते अक्का, मेरे से कोई कुछ नै लेता."

अक्का तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तू मछली पकड. मेरेकू दे."

"आप क्या करते? आप तो खातेच नै."

"तू अपने हाथ से पकडी तो मैं खाती."

सगळी मुलं ऐकत होती. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना बाकीच्यांनी हातवारे करून सांगितलं. वचन पक्कं झालं.

आता अक्का म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या. ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली आणि त्यांच्या थोरल्या भावापर्यंत, दादांपर्यंत पोचली. दादा निवृत्त होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांनी सगळा जोर सोवळ्यावर लावला होता. नळाच्या पाण्याकडेसुद्धा ते संशयानं बघत.

"मत्स्य हा देवाचा पहिला अवतार आहे," दादा जिन्यात उभं राहून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले. "तू देवाला खाणार?"

"देव माझ्या पोरीच्या हातात येणार असेल तर येऊ दे की," अक्का म्हणाल्या.

"मासा पोटात गेला तर मी काशीला निघून जाईन."

"जा. पण जाण्याआधी गळाला लावायची कणीक मळून जा."

कणकेचं असं होतं, की गळाला गांडूळ लावायला दादांनी सक्त विरोध केला होता. एका माशापायी दोन जीव कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून कणकेच्या गोळ्या लावायच्या ठरलं, आणि त्या मळायचं काम दादांनी इतक्या उत्साहानं अंगावर घेतलं की मला शंका आली.

एकट्या यादम्माला कशाला, सगळ्याच मुलांना तलावावर न्यायचं ठरलं होतं. या कार्यक्रमाचा खर्च उमरीकरांनी उचलला, थाटही त्यांचाच. उमरीकरांचं हिमायतनगरला टीव्हीचं मोठं दुकान होतं. परदेशी कंपन्यांचे रंगीत टीव्ही तेव्हा नुकतेच यायला लागले होते, केबलवाल्यांनी घराघरांत वायरी टाकल्या होत्या, आणि गच्चीवरच्या अँटेनांना कुणी विचारत नव्हतं. उमरीकरांच्या गोदामात ॲल्युमिनियमच्या अँटेना ढिगानं पडून होत्या. गळासाठी काठ्या लागतात हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. अँटेनांच्या नळ्या सुट्या करून, त्यांना दोरी आणि अफझलगंजहून आणलेले गळ बांधून काठ्या तयार झाल्या. काही नळ्यांना आडव्या कांड्या तशाच राहिल्या होत्या. त्या धरून मुलं बसली तेव्हा ती मासे धरताहेत की बातम्या, हे लांबून सांगता आलं नसतं.

उमरीकरही शुद्ध शाकाहारी. आम्ही जे चारपाच जण मदतीला होतो त्यातल्या एकानंही जन्मात मासा हातात धरला नव्हता. आमची एक बैठक झाली. मासे दुपारी झोपतात का, यावर तिथं बराच खल झाला. उमरीकरांना मात्र काळजी एकच होती. "अक्का, एका तरी पोराला मासा लागायला पाहिजे. फोटोग्राफर येऊ लागलाय. रिकाम्या हातानं पोरं घरी गेली तर आपलं काय राहील?"

"एकाही पोराला लागला नाही तर नाही लागला," अक्का म्हणाल्या. "तुम्ही त्यात पडू नका."

एका रविवारी सकाळी बस भरून आम्ही तलावावर गेलो. मुलांच्या डोक्यावर टीव्ही कंपनीच्या पिवळ्या टोप्या होत्या. बांधावर उमरीकरांचा कापडी फलक फडकत होता. दादा आधीच येऊन चिंचेखाली जपाला बसले होते. मासा लागू नये म्हणून जप चालला होता हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही. मला मात्र त्यांनी जवळ बोलावून कानात सांगितलं, "माधवराव, निश्चिंत राहा. कणकेत अख्खी डबी हिंग घातलाय. माणूस टिकत नाही त्या वासापुढं, मासा काय टिकतो."

मी आजवर कुणाचं गुपित फोडलेलं नाही. तेही फोडलं नाही.

मुलं बांधावर ओळीनं बसली. दोऱ्या पाण्यात गेल्या. थोड्याच वेळात न ऐकू येणाऱ्या एका मुलानं माझी बाही ओढली आणि पाण्यात काठाजवळ तरंगणाऱ्या जलपर्णीकडे बोट दाखवून दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली. जलपर्णीला डोळे आहेत, असं तो सांगत होता. मी त्याच्या टोपीवरून हात फिरवला. आपण शहाणी माणसं मुलांच्या बाबतीत हेच करतो.

तेवढ्यात कुबड्या घेऊन बसलेल्या एका मुलाची दोरी ताणली गेली. सगळ्यांनी मिळून काठी ओढली, तर गळाला चांगला तळहाताएवढा, रुंद, चंदेरी मासा. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, दादांचा जप मोठ्यानं सुरू झाला. पाठोपाठ दुसऱ्या मुलाला मासा लागला. तसाच रुंद, चंदेरी, तेवढाच. मग तिसऱ्याला. उमरीकर हात चोळत इकडून तिकडे फिरत होते. मला मासे कळत नाहीत, पण सगळे मासे एका मापाचे आणि एकही वळवळत नाही, एवढं मलासुद्धा दिसलं. हा तिसरा म्हणजे जलपर्णीत डोळे बघणारा तो मुलगा. माशाचं काय करावं ते न कळून त्यानं तो अलगद परत पाण्यात सोडला. मासा आडवा होऊन तरंगत राहिला. मुलगा त्याला बोटानं ढकलून पोहायला शिकवू लागला.

मग यादम्माची दोरी ताणली. तिनं काठी ओढली, दोरी हातात घेत घेत माशापर्यंत आली आणि मासा दोन्ही हातांनी चाचपला. बराच वेळ चाचपला. मग नाकाजवळ नेला.

"अक्का," ती म्हणाली, "इसका पेट किधर है?"

अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला. त्याचं पोट चिरून आतून स्वच्छ केलेलं होतं.

"बर्फ में का है," यादम्मा म्हणाली. "बजार का है. ये हमारे तालाब में होताच नै."

तेवढ्यात जलपर्णी शिंकली. मग ती हळूहळू उभी राहिली. खाली छातीभर पाण्यात यादगिरी नावाचा एक माणूस होता. त्याला उमरीकरांनी सकाळपासून पाण्यात उभं केलं होतं. त्याच्या कमरेच्या पिशवीत पापलेटं होती, तीच तो पाण्याखालून एकेक करून गळाला लावत होता. उमरीकरांच्या मॅनेजरनं बाजारात जाऊन सगळ्यात चकचकीत दिसणारे मासे मागितले होते, आणि भाजी निवडून घ्यावी तसं "साफ करके देना" असंही सांगितलं होतं. समुद्रातला, पोट साफ केलेला, बर्फातला मासा उप्पलच्या तलावात कसा पोहेल, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नव्हता. मलाही पडला नसता.

उमरीकर ओशाळले. "पोरांना आनंद व्हावा म्हणून केलं अक्का."

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थकलेल्या दिसल्या. "उमरीकर," त्या म्हणाल्या, "मासेसुद्धा तुम्ही वाटलेच की."

यादम्मा तिथंच उभी होती. तिचे हात माशाच्या वासाचे झाले होते आणि ते कुठं पुसावेत ते तिला कळत नव्हतं. तिचा चेहरा बघून मला त्या क्षणी उमरीकरांचा आणि स्वतःचा फार राग आला.

दादा जपमाळ गुंडाळून उठले. मासा कुणी धरलाच नाही, तेव्हा वचनही राहिलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. फोटोग्राफर निघून गेला. बसवाला घाई करू लागला. अक्का बांधावर मांडी घालून बसल्या. "आम्ही थांबतो," त्या म्हणाल्या. "दादा, कणीक आण."

सकाळी गळांना गोळ्या दादांनी चिंचेखालीच लावून दिल्या होत्या. आता त्यांनी बांधावर येऊन डबा उघडला आणि सगळीकडे हिंगाचा वास सुटला. यादम्मानं मान वर केली. "हींग किसने डाला?"

दादा काहीसे ताठ होऊन म्हणाले, "मैंने डाला."

"अच्छा डाला. मेरा बाप बी हींगच डालता. मछली दूर से आती उसपे."

दादांचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. ते पुन्हा चिंचेखाली जाऊन बसले आणि जप पहिल्यापासून सुरू केला, पण आता त्यात जोर नव्हता.

ऊन चढलं. मुलं बसून राहिली. उमरीकर थोडा वेळ बसजवळ घुटमळले, मग बांधावर आले. जलपर्णीवाल्या मुलानं त्यांना आपली अँटेना दिली. उमरीकरांनी ती घेतली, पँट वर ओढली आणि त्याच्या शेजारी बसले.

दुपार कलताना यादम्मा एकदम ताठ झाली. श्वास धरून थांबली आणि मग हिसका दिला. दोरीच्या टोकाला बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा, भयंकर वळवळणारा मासा होता. तिनं तो मुठीत धरला. मुठीतून शेपटी फडफडत होती आणि यादम्मा रडत होती. बाकीची मुलं येऊन एकेक करून त्या मुठीला हात लावून गेली.

"अक्का, लो," ती म्हणाली.

यादगिरीनं तीन दगडांवर काटक्या पेटवल्या. अक्कांच्या डब्यात कैरीच्या लोणच्याचा खार होता, तो माशाला चोळला. भाजलेला मासा पानावर ठेवून यादम्मानं अक्कांच्या पुढं धरला. मोठ्या माणसांपैकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अक्का त्या माशाकडे बघत होत्या. हे त्यांना सोपं गेलं असेल असं ज्याला वाटतं त्यानं त्यांचा चातुर्मास पाहिलेला नाही.

"मला काटे काढता येत नाहीत," त्या म्हणाल्या आणि मग यादम्माला कळेल असं पुन्हा म्हणाल्या, "कांटे तू निकाल के दे मेरेकू."

यादम्मानं बोटांनी चाचपत बारीक बारीक काटे काढले आणि घास अक्कांच्या तळहातावर ठेवला. अक्कांनी डोळे मिटून तो खाल्ला. गिळला. सगळा मासा मिळून दोन घास झाले असतील. शेवटचा घास संपल्यावर अक्कांनी हात पुढं केला.

"और है क्या?"

यादम्मा हसायला लागली. "नै अक्का. एकीच था. और होना तो और एक दिन आना पडता."

चिंचेखालून, मान न वळवता, दादांनी विचारलं, "काटा अडकला नाही ना?"

"नाही."

"मग चला. उशीर झाला."

दादा काशीला गेले नाहीत. महिनाभर त्यांनी अक्कांची भांडी वेगळी ठेवली, मग तेही विसरले. मासे धरायचा दिवस पुढं दरवर्षी झाला. अक्का वर्षातून त्या एका दिवशी यादम्माच्या हातचा मासा खात आणि एरवी कांदा खातानासुद्धा विचार करत. कणीक दरवर्षी दादाच मळत, भरपूर हिंग घालून. मासे येऊ नयेत म्हणून घालतो, असं ते शेवटपर्यंत गंभीरपणे सांगत राहिले.

पुढं आम्ही ते घर सोडलं. मी निवृत्त झालो, ही गेली, आणि मी मुलाकडे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. तिथं सगळ्या इमारती काचेच्या आहेत आणि मुलगा अशाच एका इमारतीत कॉम्प्युटरवर काम करतो. मुलगा-सून दोघंही सोन्यासारखी आहेत. काही उचलायला गेलो की "बाबा, तुम्ही बसा" म्हणतात. औषधं वेळेवर, फळं वेळेवर. फळं तर फार.

एकदा आठवण आली म्हणून विद्यानगरला गेलो. दादा कधीच गेले होते. अक्का फार म्हाताऱ्या झाल्या होत्या, दिसणं जवळजवळ थांबलं होतं. यादम्मा त्यांच्याजवळच राहत होती. एका कचेरीत टेलिफोनवर नोकरी करायची. तिनं चहा केला. फळीवर साखरेचा डबा होता, झाकण उघडं होतं, काठोकाठ भरलेला होता.

"कसं चाललंय?" अक्कांनी विचारलं.

"छान चाललंय," मी म्हटलं. "काहीच करावं लागत नाही मला."

मी निघालो, चपला घालत होतो, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "माधवराव, घरी वाटीभर साखर असेल का हो?"

यादम्मा डब्यापाशीच उभी होती. तिनं आवाज न करता झाकण लावलं.

"आहे," मी म्हटलं. "उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून वाटीभर साखर घेतली, फडक्यात बांधली आणि बस बदलत बदलत विद्यानगरला गेलो. भर दुपार होती. अक्का जिन्याच्या खाली येऊन थांबल्या होत्या. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, शिगेवरून बोट फिरवून बघितलं आणि पदराखाली झाकली. "परत करीन हं," असं म्हणून त्या कठडा धरून एकेक पायरी वर चढू लागल्या. मी त्या वळणापलीकडे जाईपर्यंत उभा होतो. त्यानंतर अक्का मला दिसल्या नाहीत.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुलगा दारातच काळजीनं उभा होता.

"बाबा, एवढ्या उन्हात कुठं गेला होतात?"

"काम होतं," मी म्हटलं.